सुजेखालचे पाय

अप्पा, परवा माझ्या पायांची सूज उतरली आणि मला तुमचे पाय दिसले. न्हाणीत सून पाठीवर पाणी घालत होती, मी सहज खाली बघितलं, तर माझ्या गुडघ्याखाली तुमच्या पोटऱ्या. तसंच नडगीचं हाड वर आलेलं, तशीच मागची कातडी ढिली पडलेली. मी "अप्पा!" म्हणून ओरडले म्हणे. सुनेच्या हातातला तांब्या खाली पडला. "आत्याबाई, काय झालं? कुठं दुखायलंय?" असं ती बिचारी विचारत राहिली. शेवटी म्हटलं, "काही न्हाई गं, पाणी गार हाय." पाणी चांगलं कढत होतं. लेकीनं बापाला आपल्या पायांबद्दल असलं काही लिहावं का, हा प्रश्नच आहे. पण तुमचे पाय मी महिनोन्‌महिने चेपलेत, तेव्हा आपल्या दोघांत आता तेवढा पडदा राहिलेला नाही.

तुम्ही गेलात तेव्हा आपलं गाव आळंद हैदराबाद राज्यात होतं. पोलीस ॲक्शन होऊन गेलेली, निजाम नावापुरता उरलेला, कचेरीतली माणसं मात्र अजून उर्दूतच खेकसायची. मग थोड्याच काळात राज्य फुटलं. आपण म्हैसुरात गेलो आणि अव्वाचं माहेर, माझं आजोळ, उमरग्याकडचं, मुंबई राज्यात गेलं. तुम्हाला यातलं काही बघावं लागलं नाही. मी सगळं बघितलं. पुढं शिकले, शाळेत बाई झाले, पोरांना मराठीत आणि कानडीत दोन्हीकडून रागावले, आणि आता तुमच्याहून कितीतरी म्हातारी होऊन गुलबर्ग्यात लेकाच्या घरी बसले आहे. त्याला आता कलबुर्गी म्हणतात. आज तुम्ही दारात येऊन उभे राहिलात तर माझ्या लेकाहून लहान दिसाल. तरी तुम्हाला 'अहो' म्हटल्याशिवाय माझी जीभ वळायची नाही.

तुमचे आधीचे पाय मला नीट आठवतात. आडत बाजारात तुम्ही मापाडी. तुरीच्या राशीपुढं पाय फाकवून उभं राहायचं, वाकून लोखंडी पायली भरायची, वरून हात फिरवून सारखी करायची आणि पोत्यात रिकामी करायची. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. "लाभ रे लाभ, लाभ रे लाभ" असं पायली रिकामी होईस्तोवर गात राहायचं, मग "दोन रे दोन". आकडा तोंडातनं सुटता कामा नये. मध्ये गप्प बसलात तर मोज तुटली, आणि तुटलेली मोज ना शेतकरी मानायचा ना आडत्या. तूर परत राशीत ओतायची आणि पुन्हा लाभापासून सुरुवात. तुमची मोज कधी तुटली नाही, असं निंबर्ग्यापासनं लोक सांगायचे. मी लहान असताना तुमच्या मागं बसून तुमच्या पोटरीत बोट खुपसून बघायची. बोटच वाकायचं. तुम्ही आकडा न सोडता नुसता पाय झटकायचात, आणि मला हसून हसून पोटात दुखायचं.

ती मोज तुटली तेव्हा माझं लग्नाचं वय झालेलं होतं. मी तुमची भाकरी घेऊन बाजारात आले होते. निंबर्ग्याच्या एका शेतकऱ्याची रास होती, मोठी. तुम्ही "अकरा रे अकरा" म्हणालात आणि पुढचं आलंच नाही. पायली हातात, तोंड उघडं, आवाज नाही. सगळा आडत बाजार माझ्या कानात बंद पडला. तो शेतकरी भला माणूस, हळूच म्हणाला, "मापाडी, मोज तुटली की हो." तुम्ही म्हणालात, "ठसका लागला. लाभापासून घेतो." घेतलीत. आणि तिसऱ्या-चौथ्या पायलीलाच पुन्हा तुटली. मग तुम्ही पायली राशीवर उपडी घातलीत, जसं काम संपल्यावर घालतात तसं, आणि पोत्यावर टेकलात. "दम लागायलाय, माय. जरा बस माझ्याजवळ." तुमच्या कपाळावर घाम होता आणि तो माघ महिना होता. मी बसले. भीती काय असते ते मला त्या पोत्यावर कळलं. ती पुढं वर्षभर गेली नाही.

घरात मात्र सुरुवातीला कुणाला काही वाटलंच नाही. उलट तुम्ही जाड व्हायलात म्हणून अव्वा खूश. "घरी बसल्यानं अंग धरायलंय," असं ती शेजारणीला सांगायची. गाल वर आलेले, पाय भरलेले. धोतर पोटऱ्यांवर घट्ट बसायचं. एक दिवस पाय चेपताना मी सवयीनं पोटरीवर बोट दाबलं. ते आत गेलं. मळलेल्या कणकेत जावं तसं गेलं, आणि काढलं तरी खड्डा तसाच. मी तो खड्डा बघत राहिले, तो भरायला तयार नाही. मी अव्वाला हाक मारली. अव्वानं बघितलं, पदर तोंडाला लावला, आणि त्या दिवसापासून 'अंग धरायलंय' हे शब्द घरात कुणी काढले नाहीत.

गुलबर्ग्याला नेलं तेव्हा पाऊस लागलेला. मोटारीत काका तुम्हाला धरून बसले होते, तुमचे धाकटे भाऊ, निंबर्ग्याची शेती बघणारे, बोलायला फटकळ आणि आतनं लोणी. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, पाय दाबून बघितले. म्हणाले, "दिल थक गया इनका. पांव में पानी भर गया. नमक बंद, चलना-फिरना बंद. खाट पो पड़े रहना, बस." काका म्हणाले, "साहेब, वाघासारखा माणूस हो हा." डॉक्टर म्हणाले, "हौ, वाघ को भी दिल एक-इच रहता." आणि पाणी उतरायची सुई लिहून दिली, आठवड्याला एक, आळंदच्या दवाखान्यातला कंपाउंडर घरी येऊन टोचील अशी.

आपण डॉक्टरांचं अक्षरन्‌अक्षर पाळलं, अप्पा. कुणी म्हणू नये की पाळलं नाही. अव्वानं घरातलं मीठच बंद केलं, एकट्या तुम्हालाच अळणी कशाला म्हणून सगळ्यांनाच अळणी. काका आले की वरणाचा पहिला घास तोंडात घेऊन छताकडं बघत बसायचे. "वैनी, हे वरण हाय का प्रायश्चित्त?" तुम्ही हसायचात आणि हसताना दम लागायचा, मग अव्वा काकांवर डोळे वटारायची. तुम्हाला खाटेवरनं पाय खाली सोडू द्यायचो नाही. तांब्या आम्ही तोंडाला लावायचो. कूस बदलायची तर दोन बाजूंनी दोघी. दिवसभर पायल्या उचलणारा माणूस आम्ही पाळण्यातल्या लेकरागत ठेवला. आज हे लिहिताना राग येतोय, पण कुणावर करू? तेव्हाचं शहाणपण तेवढंच होतं.

कंपाउंडर म्हणजे ते पांढऱ्या दाढीचे मामू. उकळलेल्या सुयांचा डबा फडक्यात बांधून आणायचे. टोचून झालं की म्हणायचे, "आज पेशाब बहुत होता, भाई. डरो नक्को." आणि व्हायचीच. दिवसभर मी भांडं नेऊन रितं करायची. संध्याकाळपर्यंत तुमचा श्वास खाली बसायचा, तुम्ही उशी काढून सपाट निजायचात, आणि अव्वा देवापुढं बसून रडायची, आनंदानं. पहिल्या सुईला असं झालं. दुसऱ्यालाही. मला वाटलं, वाचलो.

पुढच्या सुया झाल्या आणि एका सकाळी मी तुमचे पाय पुसायला धोतर वर सारलं. सूज नव्हती. पायही नव्हते. कातडी होती आणि आत दांडा होता. मी बोट लावलं, दाबलंसुद्धा नाही, नुसतं लावलं, आणि ते थेट हाडाला लागलं. मी तशीच उठून मोरीत गेले आणि ओकले. तेवढ्यात काका आले होते शेतातनं. त्यांनी बघितलं आणि डोक्यावरचा पटका काढून खाली टाकला. "आरं देवा, हे काय केलं! सुईनं मांस खाल्लं की रे दादाचं!" अव्वा धावत आली. तिनं तुमची मांडी दोन्ही हातांत धरली, तिच्या बोटांना बोटं लागली, आणि तिनं जो टाहो फोडला तो गल्लीच्या टोकाला ऐकू गेला. मामू पुढच्या खेपेला आले तर काकांनी त्यांना उंबऱ्यातच अडवलं. मामू पुन्हा पुन्हा सांगत होते, "पानी उतर्‍या जी, गोश्त नहीं उतर्‍या." कुणी ऐकून घेतलं नाही. पाणी आलं तेव्हा पाय जाड होते आणि सुई आल्यावर काड्या झाले, एवढं डोळ्यांनी दिसत असताना कोण ऐकणार?

तरी काका नाही, अव्वा नाही, तुम्ही म्हणाला असतात तर सुई चालू राहिली असती. घर तुमचं होतं, शब्द तुमचा चालायचा. तुम्ही म्हणालात, "बंद करा." पाय गेले म्हणून म्हणाला नाहीत. हातामुळं म्हणालात.

तुमच्या हाताचं मी सुनेला सांगायला बसले तेव्हा तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, कारण तिच्या माहेरी आता कुणी लिंगपूजा तशी करत नाही. सकाळी आंघोळ झाली की तुम्ही पाटावर बसायचात, गळ्यातल्या चांदीच्या करडगीतनं इष्टलिंग काढायचात, डाव्या तळहातावर ठेवून विभूती लावायचात, बेलाचं पान वाहायचात आणि हात डोळ्यांसमोर उचलून धरायचात. नजर हलायची नाही, हात हलायचा नाही. ती पूजा होईस्तोवर पाण्याचा घोट नाही, गोळी नाही. आणि ती ज्याची त्यानं करायची, बायको-लेकरानं दुसऱ्याची करून चालायची नाही. अंथरुणाला खिळल्यावरही आम्ही अंग पुसून द्यायचो आणि तुम्ही बसून पूजा करायचात. डॉक्टरांच्या हुकमातनं तेवढी सूट तुम्हीच घेतली होती. आणि एक दिवस, कुणी विचारलेलं नसताना, तुम्ही अव्वाला म्हणालात, "ज्या दिवशी हात धरवणार न्हाई, त्या दिवसापासनं तोंडात काही घालणार न्हाई. मग मला आग्रह करू नका." अव्वानं कानांवर हात ठेवले. तुम्ही उगीच बोलणारे नव्हतात, हे तिला माहीत होतं.

तेव्हापासून आमची सकाळ म्हणजे जीव मुठीत. तुमचा हात वर जायचा आणि आम्ही दोघी दाराआड उभ्या, अव्वा माझा दंड इतका घट्ट धरायची की वळ उठायचे. आधी बोटं थरथरायची. मग मनगट. मग कोपर खाली यायला लागायचा आणि तुम्ही तो पुन्हा वर ओढायचात, गळ्याच्या शिरा ताणून. एवढंसं लिंग, त्याचं वजन ते काय? पायली पेलणाऱ्या हाताला ते मणाचं झालं होतं. ते पडलं तर काय, हे कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. लिंग हातातनं पडलं की माणूस गेल्यातच जमा, अशी अव्वाची जुनी समजूत, आणि तुमचीही असणार. पूजा संपून ते करडगीत परत गेलं, झाकण बसलं, की अव्वा भिंतीला धरून खाली बसायची. आणि मी मनात म्हणायची, आजचं निभावलं.

हात दुबळा होतोय तो सुईनंच, हे तुम्ही ठरवून टाकलंत. "पाय खाल्ले, आता हाताला लागली ती," म्हणालात. मी म्हटलं, "अप्पा, सुई झाली की तुमचा दम कमी होतो. मी बघते की रोज. घ्या ना." तुम्ही म्हणालात, "दम घेऊन काय करू? हात पायजे मला." मी पुन्हा म्हटलं. आणि मग मी ते विचारलं, जे विचारायला नको होतं असं मला पुढं कित्येक वर्षं वाटलं. "भ्याव वाटायलंय का तुम्हाला?" तुम्ही असे चवताळलात! त्या काड्यांच्या पायांवर उठून उभे राहाल असं वाटलं. "भ्याव? मला? रझाकाराच्या वक्ताला आख्खं आळंद दारं लावून बसलं तवा मी बाजारात रास मोजायलो होतो. मला भ्याव वाटायलंय म्हनं. जा, चुलीकडं बघ." मी चुलीकडं गेले. धुराचं निमित्त करून रडले. तुम्ही मला आयुष्यात एवढं एकदाच रागावलात.

पाणी परत आलं. पाय भरले, आणि काका म्हणाले, "बगा, मांस यायलंय माघारी." त्यांच्या तोंडावर केवढी आशा होती. येळवस आली तेव्हा तुम्ही हट्ट धरलात की शेतात जायचं. येळवसीला शेतात भज्जी-आंबील खायला सगळा मुलूख जातो, तुम्ही घरी कसे राहाल? काकांनी बैलगाडी दारात आणली. त्या दिवशी दमही बरा होता तुमचा, बोलत होतात, काकांच्या बैलांची टिंगल करत होतात. गाडीच्या चाकावर एक पाय ठेवलात, वर चढायला जोर लावलात, आणि पाय उचललाच नाही. पुन्हा लावलात. श्वास लागला नव्हता, छाती शांत होती, नुसती मांडीच ऐकेना. तुम्ही आपल्या मांडीकडं असं बघितलंत, जशी ती दुसऱ्या कुणाची आहे. मग म्हणालात, "तुम्ही जा. मी वाट बघतो." काकांनी उचलून घेतो म्हटलं तर मान हलवलीत. आम्ही कुणीच गेलो नाही. भज्जी घरीच खाल्ली, अळणी.

छाती शांत असताना मांडी कामून ऐकेना? हा प्रश्न मी आयुष्यभर उराशी घेऊन फिरले. उत्तर आत्ता मिळालं, आणि तेही माझ्याच आजारानं. इथं एक डॉक्टरीण आहे, माझ्या नातीएवढी, बोलायला चुरचुरीत. तिनं मला एक लोखंडी मूठ दिली आणि म्हणाली, "आजी, दाबा जोरात." मी सगळा जोर लावला. तिनं काट्याकडं बघून ओठ मुडपले. म्हटलं, "बाई, तुला माझं हृदय बघायचंय का हात?" तर म्हणाली, दोन्ही एकच आहे. हृदय थकलं की लांबच्या स्नायूंना रक्त पुरत नाही. ते लवकर दमतात, बारीक होत जातात, शरीर आपलंच मांस मोडून खायला लागतं. आधी मांड्या-पोटऱ्या, मग दंड, मग मूठ. श्वास घ्यायचे स्नायूसुद्धा. माणूस दमायच्या भीतीनं बसून राहतो, आणि बसला की उरलंसुरलंही जातं. औषधानं छातीला उतार पडला तरी गेलेलं मांस आपोआप माघारी येत नाही. "आणि सगळ्यात फसवी ती सूज," म्हणाली. "आत मांस जात असतं आणि वर पाणी भरत असतं. वजन काट्यावर तेवढंच. पाणी उतरवलं की मग दिसतं, किती गेलंय ते."

मी तिला म्हटलं, पुन्हा सांग. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही, मोठ्यानं सांगितलं. मी म्हटलं, "म्हणजे सुईनं मांस खाल्लं न्हवतं." ती म्हणाली, "कुठली सुई, आजी?" मामू उंबऱ्यात उभे राहून हेच सांगत होते. तुमच्या पोटऱ्या अकराव्या पायलीच्याही आधीपासून जायला लागल्या होत्या आणि आम्ही त्यावरच्या पाण्याला अंग धरणं म्हणत होतो. आणि खाटेवर निजवून उरलेलं आम्ही घालवलं. मला आता ती रोज व्हरांड्यात चालायला लावते. खुर्चीतनं हात न टेकता उठायचं, पुन्हा बसायचं, पुन्हा उठायचं. मी शिव्या घालत करते. तुम्हाला कुणी असं केलं असतं तर, हा विचार रोज त्या व्हरांड्यात माझ्याबरोबर चालतो.

शेवटच्या दिवसांत तुमचा हात मीच धरला, ते तुम्हाला आठवतं का? एका सकाळी कोपर खाली आला तो वर जाईना. बेलाचं पान घसरून मांडीवर पडलं. दाराआड अव्वानं माझा दंड सोडला. मी पुढं आले आणि माझा तळहात तुमच्या तळहाताखाली लावला. लिंगाला शिवले नाही, करडगीला शिवले नाही, नुसता तुमचा हात तोलला. कातडं गार होतं आणि आतली सगळी हाडं मोजता येत होती. मला वाटलं आता रागावाल, हात झिडकाराल, आणि ते पडेल. तुम्ही नजर हलवली नाहीत. पूजा झाल्यावर म्हणालात, "हात माझाच हाय. खाली तुझा असला म्हनून काय झालं?" त्यानंतर रोज मी बसायची. मला तुमच्याकडनं जे काही मिळालं त्यात ते मोठं. मला दागिना दिला असतात तरी एवढं वाटलं नसतं.

तुम्ही गेलात ते तुरी खळ्यावर यायच्या आधी, पूजा झालेल्या एका दुपारी. दम वर वर चढत गेला होता, निजवत नव्हतं, लोडाला टेकून बसला होतात. अव्वा आंबील घेऊन आली तर तुम्ही तसेच बसलेले, मान जराशी कलती. पाय सुजून टच्च. काका म्हणाले, "मांस तर आलं होतं की माघारी." आपल्या रिवाजाप्रमाणं तुम्हाला बसवूनच समाधी दिली, डाव्या तळहातावर लिंग ठेवून. बायकांनी तिथवर जायचं नव्हतं. काकांनी घरी येऊन सांगितलं, "हात बिलकूल हलला न्हाई दादाचा." आणि ते लेकरागत रडले.

मी रडले, पण रागानं. तुमच्यावर. सुई घेतली असतीत तर, हट्ट सोडला असतात तर. केवढा हेकेखोर माणूस, हाताच्या मानापायी जीव दिला, असं मी माझ्या नवऱ्याला सांगितलं, लेकाला सांगितलं, सुनेलाही सांगितलं. आता माझाही हात पूजेला थरथरतो. इथल्या मठातले स्वामी मला म्हणाले, "अव्वा, कोपराखाली उशी घ्या की." उशी! अप्पा, नुसती उशी. आपल्या घरात उशा नव्हत्या का? आमच्या कुणाच्या डोक्यात आली नाही. हसावं का रडावं, कळेना. मी उशी घेते, आणि हात तरीही घाबरतो.

आता खरं सांगायचं ते सांगते. डॉक्टरिणीनं मला पाणी उतरायची गोळी दिली आहे. त्या गोळीनंच माझी सूज उतरली, आणि परवा न्हाणीत ते पाय दिसले. कालची गोळी मी घेतली नाही. आजचीही नाही. दोन्ही विभूतीच्या डबीत आहेत. मला सगळं समजतं, समजावून सांगितलेलं दोनदा ऐकलंय, आयुष्यभर दुसऱ्यांना समजावण्याचंच खाल्लंय. तरी गोळी हातात घेतली की ते पाय डोळ्यांपुढं येतात, आणि वाटतं, राहू दे थोडी सूज, बरे दिसतात पाय. आज सकाळी घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा पडला, आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं, अप्पा! सुनेनं विचारलं, "गोळी घेतली का?" म्हटलं, घेतली. ती माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "आत्याबाई, भीती वाटतीया का कशाची?" आणि मी तिच्यावर चवताळले. "भीती? मला?" माझ्या तोंडातनं तुमचा आवाज निघाला. ती स्वयंपाकघरात गेली.

म्हणजे तुम्ही हेकेखोर नव्हतात. भ्याला होतात. मी विचारलं ते बरोबरच विचारलं होतं. त्या दिवशी नुसतं "व्हय" म्हणाला असतात तर मी तुमचा हात आधीच धरला असता, मामूंना घरात घेतलं असतं, काकांना गप्प बसवलं असतं. एवढा एक शब्द तुमच्यानं निघाला नाही. आणि माझ्यानंही निघेना झालाय, तेव्हा तुम्हाला बोल लावायची माझी लायकी उरलेली नाही.

सून आत भांडी लावतेय, आवाज येतोय. तिला हाक मारायची, डबी पुढं करायची आणि म्हणायचं, मला भ्याव वाटायलंय, तू जवळ बस, मग मी गोळी घेते. एवढंच करायचं आहे. हे लिहून झालं की हाक मारायची, असं सकाळी ठरवलं होतं. तुम्हाला पाठवायचं तर हे कुठंच नाही. म्हणून तर अप्पा, हे एवढं लांबवत बसले आहे.